बातमीदाराचा फोन आल्यावर : बातम्यांतील विषयांवर बोलू इच्छिणाऱ्या प्राध्यापकांसाठी

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास मला एका बातमीदाराचा फोन आला. एका निवडणूकपूर्व पाहणीत एक हजार मतदारांपैकी ४२ टक्के लोकांनी एका पक्षाला आणि ३९ टक्के लोकांनी दुसऱ्या पक्षाला पसंती दिली होती. “मॅडम, सहा वाजता पान सोडायचंय. एवढंच सांगा, पुढे कोण आहे?” असे त्याने विचारले. मी संख्याशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो, त्यामुळे मी लगेच उत्तर दिले : “पाहणीत पहिला पक्ष तीन टक्क्यांनी पुढे आहे. मात्र हजार जणांच्या पाहणीत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो.” दुसऱ्या दिवशी माझ्या नावासह पहिले वाक्य छापून आले, दुसरे आले नाही, आणि बातमीवर मथळा होता ‘पहिल्या पक्षाची स्पष्ट आघाडी’. बातमीदाराने माझ्या तोंडी खोटे काही घातले नव्हते. जागा कमी पडली, शेवटचे वाक्य उडाले, आणि माझ्या उत्तरात सांगण्यासारखे जे काही होते ते त्या शेवटच्या वाक्यातच होते.

प्राध्यापकांनी बातम्यांतल्या विषयांवर बोलावे असे मला मनापासून वाटते. भूकंप, साथ, निवडणूक, महागाई, न्यायालयाचा निकाल अशा प्रत्येक घटनेनंतर लोकांना काही तासांतच तिचा अर्थ समजून घ्यायचा असतो, आणि ज्यांनी त्या विषयात वीस-पंचवीस वर्षे घालवली आहेत ते गप्प राहिले तर ती जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसरे कोणीतरी बोलते. पण वर्गात बोलणे आणि बातमीत बोलणे ही दोन वेगळी कामे आहेत. वर्गात पाऊण तास हातात असतो आणि चुकीचा अर्थ घेतला गेला तर पुढच्या तासाला तो दुरुस्त करता येतो. बातमीत तुमची दोन वाक्ये जातात, ती कोणती हे दुसरे कोणी ठरवते, आणि त्या वाचकाशी पुन्हा गाठ पडत नाही. ज्यांना हे काम नवे आहे अशा सहकाऱ्यांसाठी पुढील मजकूर लिहिला आहे.

फोन आल्यावरची पहिली दोन मिनिटे

पहिल्या फोनवर उत्तर देऊ नये, माहिती घ्यावी. बोलणे कोणत्या माध्यमासाठी आहे, बातमी नेमकी कशाबद्दल आहे, आतापर्यंत आणखी कोणाशी बोलणे झाले आहे, मजकूर किती वाजता द्यायचा आहे आणि तुमचे बोलणे नावानिशी येणार आहे का, एवढे विचारायला दोन मिनिटे पुरतात. यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्याच्या उत्तरावरून बातमीदार अजून विषय समजून घेत आहे की बातमी लिहून तयार आहे आणि त्यात बसेल असा एक शेरा तेवढा हवा आहे, हे बहुधा लक्षात येते. तो समजून घेत असेल तर अर्धा तास द्यावा. तुमचे नाव छापून आले नाही तरी तो अर्धा तास सत्कारणी लागतो. केवळ शेरा हवा असेल तर बातमीचा रोख काय आहे ते स्पष्ट विचारावे आणि तो रोखच चुकीचा वाटत असेल तर तसे तिथल्या तिथे सांगावे.

त्यानंतर वीस मिनिटांनी फोन करते असे सांगून फोन ठेवावा. घाईत असलेल्या बातमीदारालाही एवढा वेळ बहुतेक वेळा काढता येतो. त्या वीस मिनिटांत ज्या अहवालाबद्दल किंवा शोधनिबंधाबद्दल बोलायचे आहे तो उघडून पाहावा. मूळ मजकूर न वाचता केवळ बातमीदाराने सांगितलेल्या सारांशावर मत देणे ही अनुभवी प्राध्यापकांच्या हातूनही होणारी चूक आहे. मग सांगायच्या दोन, फार तर तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात आणि दिलेल्या वेळेला फोन करावा. वेळ पाळली नाही तर बातमीदार यादीतल्या पुढच्या नावाकडे जातो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

‘ऑफ द रेकॉर्ड’ या शब्दाबद्दल सावध राहावे. हा करार बोलण्याआधी, दोघांनी मान्य करून करायचा असतो. एखादी गोष्ट सांगून झाल्यावर ‘हे मात्र छापू नका’ अशी विनंती करता येते, पण ती मान्य करण्याचे बंधन समोरच्यावर नसते. शिवाय या शब्दाचा अर्थ सगळे सारखा घेत नाहीत : कोणाच्या मते मजकूर अजिबात वापरायचा नाही, तर कोणाच्या मते नाव न देता वापरायचा. म्हणून शब्दावर न थांबता ‘तुम्ही हे कसे वापरणार?’ असे विचारून घ्यावे. मुलाखत संपल्यावर, कॅमेरा आवरला जात असताना चाललेल्या गप्पाही बोलणेच असतात.

विषय आपला आहे का

या प्रश्नावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण ज्ञानी माणसांच्या हातून सर्वांत मोठे नुकसान येथे झालेले आहे. इंग्लंडमधील सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही मुले १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली, आणि १९९९ मध्ये दोन्ही मुलांच्या खुनाबद्दल त्यांना जन्मठेप झाली. त्या खटल्यात एका नामांकित बालरोगतज्ज्ञ प्राध्यापकांनी साक्ष देताना सांगितले की अशा सुस्थितीतील, धूम्रपान न करणाऱ्या घरात अकस्मात बालमृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक असते, म्हणून तो दोनदा होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. त्यांनी ८,५४३ चा वर्ग केला होता. असा गुणाकार दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो, आणि एकाच आईबापांच्या दोन मुलांच्या बाबतीत आनुवंशिकता, घर, परिसर हे सगळे समान असताना तसे गृहीत धरण्याला आधार नव्हता. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, अशी घटना दुर्मीळ आहे यावरून आई निर्दोष असण्याची शक्यताही तितकीच कमी आहे असे ठरत नाही, कारण आईने दोन मुलांचा खून करणे हेही तेवढेच दुर्मीळ असते आणि तुलना या दोन शक्यतांमध्ये करायची असते. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून हा आकडा निराधार असल्याचे सांगितले. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली, ती मुख्यतः बचाव पक्षाला न दाखवलेल्या वैद्यकीय तपासणीच्या आधारे. पण तोवर त्या बाईंचा तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. साक्ष देणारे प्राध्यापक त्यांच्या विषयात खरोखर मोठे होते. आकडा मात्र दुसऱ्या विषयातला होता, आणि बालरोगशास्त्रातल्या त्यांच्या अधिकाराचे वजन त्या आकड्याला मिळाले.

हे न्यायालयात घडले, पण बातमीतही तसेच घडते, कारण नावाआधी ‘प्राध्यापक’ लागले की वाचक विषय कोणता हे पाहत नाही. म्हणून स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : या मुद्द्यावर उद्या माझ्याच विभागात दोन तासांचे व्याख्यान द्यायचे झाले, तर नव्याने वाचन न करता मी ते देऊ शकेन का? उत्तर नकारार्थी असेल तर बातमीदाराला तसे सांगावे आणि ज्यांना तो विषय येतो अशा दोन व्यक्तींची नावे द्यावीत. त्यात एखादे नाव अजून फारसे कोणाला माहीत नसलेल्या तरुण सहकाऱ्याचे असावे. बातमीदारांच्या वहीत तीच ती चार नावे वर्षानुवर्षे फिरत राहतात, आणि ती बदलण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्या चारांपैकी एखाद्याने पाचवे नाव सुचवणे.

बातमी येण्याआधीची तयारी

बातमी अचानक येते असे आपण म्हणतो, पण बहुतेक विषय आधीच ठाऊक असतात. निवडणुका, अर्थसंकल्प, जनगणना, हवामान परिषदा, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातील नोबेल पारितोषिकांच्या घोषणा यांच्या तारखा माहीत असतात. भूकंपाची तारीख माहीत नसते, पण भूकंप झाल्यावर विचारले जाणारे दहा प्रश्न माहीत असतात. त्या दहा प्रश्नांची प्रत्येकी तीन वाक्यांत उत्तरे लिहून ठेवलेला एक कागद टेबलावर असेल, तर वीस मिनिटे पुष्कळ होतात.

ही तयारी कुठवर नेता येते याचा उत्तम नमुना हवामानशास्त्रज्ञांनी घालून दिला आहे. पूर्वी प्रत्येक उष्णतेच्या लाटेनंतर ‘ही हवामान बदलामुळे आली का?’ असा प्रश्न येई, आणि ‘कोणत्याही एका घटनेबद्दल सांगता येत नाही’ हे ठरलेले उत्तर मिळे. ‘वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन’ या गटाने तो प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला : हवामान बदलामुळे अशा लाटेची शक्यता किती पटींनी वाढली? या प्रश्नाला मोजणीने उत्तर देता येते. मोजण्याची पद्धत त्यांनी आधीच प्रसिद्ध करून तज्ज्ञांकडून तपासून घेतली होती, त्यामुळे घटना घडल्यावर तीच पद्धत नव्या आकड्यांना लावणे एवढेच काम उरले. २९ जून २०२१ रोजी कॅनडातील लिटन गावात तापमान ४९.६ अंश सेल्सियसवर गेले, आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत, विषय बातम्यांत असतानाच, मानवनिर्मित हवामान बदल नसता तर अशी लाट येणे जवळजवळ अशक्य होते हा निष्कर्ष त्या गटाने मांडला. लोक विचारतात तो प्रश्न आणि आपले शास्त्र ज्याचे उत्तर देऊ शकते तो प्रश्न यांत अंतर असते. ते अंतर बातमी येण्याआधी, निवांतपणे कमी करून ठेवावे.

विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागाकडे आपले विषय, आपल्याला कोणत्या भाषांत बोलता येते आणि संपर्काची योग्य वेळ यांची नोंद करून ठेवावी. काही ठिकाणी हे काम स्वतंत्र संस्था करतात. लंडनमधील ‘सायन्स मीडिया सेंटर’ २००२ मध्ये सुरू झाले. एखादी वैज्ञानिक बातमी आली की तेथून अनेक तज्ज्ञांच्या थोडक्यात प्रतिक्रिया एकाच वेळी सगळ्या बातमीदारांना पाठवल्या जातात. आपल्या भागात अशी संस्था नसेल तर विभागातल्या चौघांनी मिळून पानभर टिपण तयार करणे आणि ओळखीच्या बातमीदारांना पाठवणे एवढे सहज करता येते.

अट वाक्याच्या आत ठेवावी

आता सुरुवातीच्या फोनकडे परत येते. त्या दिवशी मी जे बोलायला हवे होते ते असे : “हजार जणांच्या पाहणीत तीन टक्क्यांचा फरक योगायोगानेही येऊ शकतो, त्यामुळे पुढे कोण आहे हे या पाहणीवरून सांगता येत नाही.” यात आधीच्या उत्तरापेक्षा नवीन काहीच नाही, पण हे वाक्य कापता येत नाही. स्वल्पविरामापाशी तोडले तरी उरलेले दोन्ही तुकडे खरेच राहतात.

मराठी वाक्याची ठेवण येथे आपल्या मदतीला येते. क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘जर–तर’, ‘जोपर्यंत–तोपर्यंत’, ‘असले तरी’ अशा रचनांत अट आधी येते आणि निष्कर्ष नंतर, आणि निष्कर्ष हवा असेल तर अट घ्यावीच लागते. याउलट ‘मात्र’, ‘पण’, ‘अर्थात’ यांनी सुरू होणारे नवे वाक्य सर्वांत आधी कात्रीत सापडते. बोलण्याआधी प्रत्येक वाक्य एकटेच, चौकटीत, खाली आपले नाव घालून छापले आहे अशी कल्पना करावी. तसे ते पाहवत नसेल तर ते वाक्य उच्चारू नये, मग संदर्भात ते कितीही बरोबर असो.

तीन टक्क्यांचेच उदाहरण थोडे आणखी उलगडते, कारण दर निवडणुकीत ही चूक होते. हजार जणांच्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या) नमुन्यात एखाद्या पक्षाची टक्केवारी ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे अशा शंभर पाहण्यांपैकी सुमारे ९५ मध्ये) सुमारे ३.१ टक्के इकडेतिकडे होऊ शकते, हे पाहणीच्या तळटीपेत दिलेले असते. वाचक आणि पुष्कळदा बातमीदारही तोच आकडा दोन पक्षांमधील फरकाला लावतात. पण एका पक्षाचे मत वाढते तेव्हा बहुधा दुसऱ्याचे घटते, त्यामुळे ४२ आणि ३९ यांच्यातील फरक इकडेतिकडे होण्याची मर्यादा सुमारे ५.६ टक्के येते. हे सगळे फोनवर सांगू नये. ‘दोघांमधल्या फरकाची मर्यादा एकेका पक्षाच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट असते’ एवढे पुरते, आणि सूत्र हवे असल्यास संदेशाने पाठवावे.

आकड्यांच्या बाबतीत दुसरी काळजी पटींची घ्यावी. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या प्रकारच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. हे खरे होते. ७,००० स्त्रियांमध्ये एकीला होणारा त्रास ७,००० मध्ये दोघींना होत होता. पण बातमीत ‘दुप्पट’ आणि ‘शंभर टक्के वाढ’ हेच शब्द गेले, अनेक स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाल्याचा अंदाज आहे. गरोदरपणात गुठळ्या होण्याचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, ही गोष्ट मागेच राहिली. ‘किती पट’ सांगायचे असेल तर ‘कितीवरून किती’ हे त्याच वाक्यात सांगितलेच पाहिजे, हा नियम मी विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना आग्रहाने सांगते.

शब्दांचीही पारख हवी. आपल्या परिभाषेतले काही शब्द रोजच्या मराठीत वेगळ्या अर्थाने वावरतात. संख्याशास्त्रातला ‘लक्षणीय’ फरक अगदी लहान असू शकतो, वाचक मात्र तो मोठा समजतो. ‘तीन टक्के त्रुटी’ म्हटले की कोणीतरी कामात चूक केली असे वाटते. तिथे ‘तीन टक्के इकडेतिकडे’ म्हणणे अधिक बरोबर. ‘महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला’ हे वाक्य ‘वस्तू स्वस्त झाल्या’ असे वाचले जाते, म्हणून अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी पुढचा हिशेबही सांगून टाकावा : शंभराची वस्तू पहिल्या वर्षी १०६ ला गेली आणि दुसऱ्या वर्षी ११०.२४ ला, किंमत वाढतच आहे, वाढण्याचा वेग मंदावला आहे. सगळ्याच शब्दांसाठी मात्र भांडू नये. मोठे भूकंप आता रिश्टरने १९३५ मध्ये मांडलेल्या मापनावर मोजत नाहीत, तरी बातम्यांत ‘रिश्टर स्केल’ कायम आहे. मिळालेल्या अर्ध्या मिनिटातील दहा सेकंद ती दुरुस्ती करण्यात घालवण्यापेक्षा, तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हे सांगणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

माहीत नाही ते कसे सांगावे

इटलीतील लाक्विला शहराच्या परिसरात २००९ च्या सुरुवातीला कित्येक आठवडे लहान धक्के बसत होते आणि लोक धास्तावले होते. ३१ मार्च रोजी तज्ज्ञांची बैठक झाली. नागरी संरक्षण विभागाच्या एका अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर सांगितले की लहान धक्क्यांमधून ऊर्जा बाहेर पडत असल्याने परिस्थिती अनुकूल आहे असे शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि ३०९ माणसे गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन दोन वर्षांवर आली. भूकंपाचे भाकीत करता येत नाही, हे त्या शास्त्रज्ञांना पक्के माहीत होते. पण लोकांपर्यंत जे पोहोचले ते आश्वासन होते, शास्त्रज्ञांच्या नावाने दुसऱ्याने दिलेले, आणि ते चुकीचे आहे असे कोणी वेळेवर जाहीरपणे सांगितले नाही. ‘भाकीत करता येत नाही’ या वाक्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा घेतला जातो, हे लक्षात ठेवून त्याच दमात ‘म्हणून जुन्या, कच्च्या इमारतीत राहणाऱ्यांनी काळजी घेणे योग्य आहे’ असे म्हटले पाहिजे. आपल्या नावाने दुसरा कोणी चुकीचे सांगत असेल तर गप्प राहता येत नाही.

अनिश्चितता नीट सांगितल्याचेही उदाहरण आहे. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगातील शास्त्रज्ञांनी जाहीर केले की जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन केंद्रापासून इटलीतील ग्रान सास्सो येथील प्रयोगशाळेपर्यंत सुमारे ७३० किलोमीटर जाणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे दिसत आहे. त्याच वेळी, एवढ्या मोठ्या दाव्यावर आपला स्वतःचाही सहज विश्वास बसत नाही आणि इतरांनी स्वतंत्रपणे तपासून पाहावे, असे आवाहन त्यांनी केले. काही महिन्यांतच एक फायबर केबल नीट जोडली गेली नव्हती असे आढळले आणि दावा मागे पडला. मथळे भडक होतेच. पण काय आढळले, कशाची खात्री नाही आणि ती कशी करून घ्यायची, या तीन गोष्टी त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितल्या होत्या. मी तरी अनिश्चित गोष्टीबद्दल बोलताना हाच क्रम पाळते, आणि तिसरी गोष्ट कधीच गाळत नाही. ‘अजून माहीत नाही’ एवढ्यावर थांबणारा तज्ज्ञ टाळाटाळ करतो आहे असे वाटते; ‘अजून माहीत नाही, पुढच्या महिन्यात अमुक आकडे आले की कळेल’ असे सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात.

अवघड प्रश्न

‘ही फसवणूक आहे का?’ असा प्रश्न आला आणि तुम्ही ‘नाही, ही फसवणूक नाही’ म्हणालात, तर मथळा ‘ही फसवणूक नाही : प्राध्यापकांचा निर्वाळा’ असा होतो. प्रश्नातला जहाल शब्द उत्तरात घेऊ नये. ‘नोंदी अपुऱ्या आहेत, आणि त्या पूर्ण होईपर्यंत हेतूबद्दल काही सांगता येणार नाही’ असे स्वतःच्या शब्दांत बोलावे. ‘तुम्ही ही शक्यता पूर्णपणे नाकारता का?’ हा प्रश्नही फसवा असतो, कारण प्रामाणिक अभ्यासक कोणतीच शक्यता शंभर टक्के नाकारत नाही. तेव्हा ‘हो’ किंवा ‘नाही’ न म्हणता शक्यतेचे माप सांगावे. ‘तुमच्या घरच्यांना तुम्ही काय सांगाल?’ या प्रश्नाला मात्र बिचकू नये. लोकांना खरोखर जे हवे असते ते त्यातून सांगता येते, फक्त घरी जे सांगाल तेच सांगावे.

राजकारणी लोक प्रश्न बाजूला ठेवून आपल्याला हवे ते बोलतात. ते तंत्र काही प्रशिक्षण वर्गांत प्राध्यापकांनाही शिकवले जाते, आणि मला ते पटत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, किंवा ते का देता येत नाही ते सांगावे. त्यानंतर महत्त्वाचे काही राहिले असेल तर ‘याबरोबर एक गोष्ट सांगायला हवी’ म्हणून ते जोडावे.

चर्चेच्या कार्यक्रमाचे निमंत्रण आले तर समोर कोण आहे ते आधी विचारावे. जिथे अभ्यासकांमध्ये खरा मतभेद आहे तिथे जरूर जावे. पण जी गोष्ट पुराव्याने निकाली निघाली आहे तिच्या दोन बाजू असल्याचे दृश्य उभे करण्यासाठी बोलावले जात असेल तर नम्रपणे नकार द्यावा आणि त्याऐवजी स्वतंत्र मुलाखत द्यायची तयारी दाखवावी.

दूरचित्रवाणीच्या ‘बाइट’साठी (बातमीत दाखवल्या जाणाऱ्या छोट्या तुकड्यासाठी) पंधरा-वीस सेकंदांत पूर्ण होणारे एक वाक्य आधी मोठ्याने बोलून पाहावे. प्रश्न कापला जातो, म्हणून उत्तरात विषयाचे नाव यायला हवे. घरून थेट प्रक्षेपणात बोलायचे असेल तर दाराला कडी लावावी. मार्च २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील एका विद्यापीठाचे प्राध्यापक बीबीसीवर तेथील राष्ट्राध्यक्षांच्या पदच्युतीबद्दल बोलत असताना त्यांची दोन्ही मुले खोलीत आली. ते दृश्य जगभर पाहिले गेले, आणि त्यांनी कोरियाबद्दल काय सांगितले ते फारच थोड्यांच्या लक्षात राहिले.

स्वतः लिहायचे असेल तर

फोनवरच्या दोन वाक्यांत न मावणारा मुद्दा असेल तर लेख लिहावा, आणि तो विषय ताजा असतानाच द्यावा. सातशे-आठशे शब्द पुरतात. शोधनिबंधात निष्कर्ष शेवटी येतो, येथे तो पहिल्या परिच्छेदात यावा. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ या संकेतस्थळाने यासाठी चांगली शिस्त लावली आहे : प्राध्यापक लिहितात, पत्रकार संपादन करतात, लेखकाने अंतिम मजकूर मान्य केल्याशिवाय लेख प्रसिद्ध होत नाही, आणि निधी कोणाकडून मिळतो व हितसंबंध कोणते आहेत हे लेखकाला उघड करावे लागते.

हे शेवटचे कलम फोनवरही लागू समजावे. ज्या कंपनीबद्दल बोलत आहात तिचा निधी, सल्लागारपद किंवा समभाग तुमच्याकडे असतील तर बातमीदाराने विचारण्याची वाट न पाहता सांगावे. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध केवळ १२ मुलांवर आधारलेला होता आणि संबंध सिद्ध झाला नसल्याचे त्यात लिहिलेले होते. पत्रकार परिषदेत मात्र मुख्य लेखक निबंधाच्या पलीकडे गेले आणि एकत्रित लस थांबवून सुट्या लशी द्याव्यात असे म्हणाले. लस कंपन्यांविरुद्धच्या दाव्यासाठी त्यांना मिळत असलेले पैसे उघड व्हायला काही वर्षे गेली. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने निबंध मागे घेतला तो २०१० मध्ये. दरम्यान अनेक आईवडिलांनी मुलांना लस दिली नाही. निबंधात जे लिहिण्याची हिंमत झाली नाही ते पत्रकार परिषदेत बोलू नये.

आपण व्यक्ती म्हणून बोलत आहोत की विद्यापीठाच्या वतीने, हेही स्पष्ट करावे, आणि त्याबाबतचे विद्यापीठाचे नियम आधी वाचून ठेवावेत. वादग्रस्त विषयावर बोलल्यानंतर शिवीगाळ करणारे संदेश येऊ शकतात. स्त्रियांना ते अधिक येतात असा माझा अनुभव आहे. अशा संदेशांना उत्तर देऊ नये, पण ते पुसूनही टाकू नयेत; जतन करून विभागप्रमुखांना कळवावे, आणि एखाद्या सहकाऱ्यावर अशी वेळ आली तर त्या दिवशी त्याला फोन करावा.

छापून आल्यानंतर

छापण्याआधी बातमी दाखवा असा आग्रह धरू नये. बहुतेक संपादक तो मान्य करत नाहीत आणि त्यामागे योग्य कारण आहे. ‘माझ्या नावावर जाणारी वाक्ये आणि आकडे एकदा फोनवर वाचून दाखवाल का?’ ही विनंती मात्र सहसा मान्य होते. त्या वेळी आकडा, एकक किंवा चुकलेला अर्थ दुरुस्त करावा, स्वतःची शैली सुधारत बसू नये.

तरीही चूक झाली तर ती दोनपैकी कोणत्या जातीची आहे ते आधी पाहावे. मजकूर आवडला नाही, मुद्दा अपुरा आला, नावाचे शुद्धलेखन चुकले, हे सोडून द्यावे किंवा सौम्यपणे कळवावे. अर्थ उलटा झाला असेल, किंवा वाचकाला त्यामुळे इजा होऊ शकत असेल, तर त्याच दिवशी आधी बातमीदाराला आणि मग गरज पडल्यास संपादकांना लिहावे. पत्रात तीनच गोष्टी असाव्यात : काय छापले, काय बरोबर आहे, आणि दुरुस्तीसाठी तयार वाक्य. मथळा बातमीदाराने दिलेला नसतो, त्यामुळे मथळ्याचा राग त्याच्यावर काढू नये. चूक आपल्याच बोलण्यातली असेल तर तितक्याच लवकर आणि तितक्याच उघडपणे ‘काल मी सांगितलेला आकडा चुकीचा होता’ असे कळवावे.

पाहणीच्या त्या बातमीनंतर मी असे पत्र लिहिले नाही, कारण छापलेले वाक्य माझेच होते. मी बातमीदाराला फोन करून फरकाच्या मर्यादेचे गणित समजावून सांगितले आणि अर्ध्या पानाचे टिपण पाठवले. त्यानंतर एक वही घातली आहे : तारीख, माध्यम, विचारलेला प्रश्न, मी दिलेले उत्तर आणि छापून आलेले वाक्य असे पाच रकाने. चौथा आणि पाचवा रकाना शेजारी ठेवून वाचला की पुढच्या वेळी कोणते वाक्य बदलायचे ते समजते.